नगरपालिकेतील जोतीराव

समाजाच्या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा ह्याचा फारसा विचार करावा लागला नाही. महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या चरित्रावाचून आपल्या समाजाची स्मरणिका पुरी होत नाही. मात्र त्याच अडचणीने आम्ही काही दिवस थबकलो. भिडे ह्यांच्या वाड्यातील मुलींची शाळा, सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेले शेण, घरचा हौद आणि सत्यशोधक समाज ह्या कथा आपल्या मुलांनाही तोंडपाठ आहेत. त्या पुन्हा सांगून कागद भरावा, हे मनाला पटेना. म्हणून जोतीरावांच्या आयुष्यातील एक असा भाग आम्ही निवडला आहे की, जयंतीच्या भाषणांतून त्याचा उल्लेख क्वचितच होतो. १८७६ सालापासून १८८२ सालापर्यंत जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. दारूची दुकाने, बाजाराची जागा आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग हे प्रश्न त्या सहा वर्षांत त्यांच्यासमोर आले. आज मेडशीसारख्या गावच्या ग्रामसभेतही नेमके हेच प्रश्न येतात. म्हणून हा भाग आपल्या उपयोगाचा आहे, असे आम्हांस वाटते.

जमिनीचा तंटा म्हणजे काय, हे जोतीरावांच्या घराण्याला पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. घराणे सातारा भागातील कटगुणचे. त्यांचे पणजोबा गावचे चौगुले होते. कुलकर्ण्याशी वितुष्ट येऊन त्याचा शेवट खुनात झाला आणि त्यांना गाव सोडून पुरंदर भागातील खानवडीस यावे लागले, अशी हकीकत चरित्रकारांनी दिली आहे. आजोबा शेटीबा ह्यांच्या वेळी परिस्थिती आणखी ओढग्रस्तीची झाली आणि कुटुंब पुण्यास आले. शेटीबांचे तीन मुलगे राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे फुलांच्या धंद्यात तरबेज झाले. पेशव्यांच्या वाड्यात फुले पुरविण्याच्या सेवेबद्दल त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली. फुले हे आडनाव पडले ते त्याच धंद्यावरून. परंतु थोरले बंधू राणोजी ह्यांनी ती इनाम जमीन आपल्या एकट्याच्या नावे करून घेतली आणि धाकटे दोघे भाऊ उघड्यावर पडले. जोतीरावांचे वडील गोविंदराव ह्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यात आयुष्य घालविले नाही. त्यांनी भाजीपाल्याचे व फुलांचे दुकान थाटले आणि त्याच मिळकतीवर मुलाला शाळेत घातले. ती जमीन गेली नसती तर जोतीरावांचे काय झाले असते, हे सांगता येत नाही. परंतु भाऊबंदकीत गेलेल्या जमिनीपेक्षा मुलाच्या हातातील पाटी अधिक मोलाची ठरली, एवढे मात्र इतिहासाने दाखविले आहे.

१८२७ साली जन्मलेले जोतीराव १८४८ साली, म्हणजे अवघ्या एकविसाव्या वर्षी, मुलींच्या शाळेचे संस्थापक झाले. १८५२ साली सरकारने विश्रामबागवाड्यात त्यांचा जाहीर सत्कार केला. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य बांधवांना खुला केला आणि १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली. ह्या सर्व काळात पोटासाठी ते सरकारी नोकरीच्या मागे लागले नाहीत. ते बांधकामाचे ठेके घेत. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल आणि खडकवासल्याचे धरण ह्या मोठ्या कामांशी त्यांचा ठेकेदार म्हणून संबंध आला. मांजरीस त्यांची शेती होती. दगड, चुना, मजुरी आणि पाट ह्यांचा हिशेब त्यांना कळत होता. सरकारी कामात पैसा कोठे मुरतो आणि मजुराच्या हाती किती पडतो, हे त्यांनी स्वतः उन्हात उभे राहून पाहिले होते. नगरपालिकेच्या खुर्चीवर ते बसले ते ही शिदोरी बरोबर घेऊन.

त्या काळची नगरपालिका आजच्यासारखी नव्हती, हे तरुण वाचकांनी लक्षात घ्यावे. पुण्याची नगरपालिका १८५७ साली अस्तित्वात आली. जोतीराव सभासद झाले तेव्हा लोकांनी मते देऊन सभासद निवडण्याची पद्धत तेथे सुरू झालेली नव्हती. स्थानिक स्वराज्याविषयीचा लॉर्ड रिपन ह्यांचा प्रसिद्ध ठराव १८८२ सालचा. तोपर्यंत सभासदांची नेमणूक सरकार करी. जोतीरावही सरकारनियुक्तच होते. गोरे अधिकारी, सरदार, पेढीवाले आणि शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ अशांनी भरलेल्या त्या सभेत एका माळ्याचा मुलगा बसला होता. ज्यांनी नेमणूक केली त्यांच्या मर्जीविरुद्ध बोलू नये, असा संकेत अशा ठिकाणी न सांगता पाळला जातो. जोतीरावांनी तो पाळला नाही.

त्यांच्या सभासदत्वाचा आरंभ दुष्काळाने झाला. १८७६ आणि १८७७ ह्या दोन वर्षांत दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. जोतीरावांनी सत्यशोधक समाजाच्या मित्रांना हाताशी धरून धनकवडी येथे निराश्रित मुलांसाठी बालाश्रम चालविला आणि १८७७ च्या मे महिन्यात मदतीसाठी पत्रक काढून लोकांना हाक घातली. उपाशी पोरांच्या पंगती ज्याने सकाळी पाहिल्या, तो सभेत पैशाच्या ठरावावर मुकाट्याने मान डोलावील हे शक्यच नव्हते. नगरपालिकेतील त्यांचे पुढील सारे वर्तन ह्या एका गोष्टीच्या प्रकाशात पाहावे.

आता दारूच्या प्रश्नाकडे येऊ. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारीचा नवा कायदा झाला. दारू गाळण्याचा व विकण्याचा परवाना देणे हे सरकारच्या हातातले काम होते आणि त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जमा होई. दुकान निघायचे ते शहराच्या पेठेत, त्याचा उपद्रव सोसायचा तो शेजारच्या घरांनी आणि पैसा मात्र जायचा वरच्या तिजोरीत, असा हा व्यवहार होता. दुकान उघडावे की बंद करावे हे ठरविण्याचा अधिकार नगरपालिकेला नव्हता. तेव्हा आपल्या हातात काही नाही असे म्हणून हात झटकणे सर्वांत सोपे होते.

जोतीरावांनी ते केले नाही. १८८० च्या जुलै महिन्यात त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष प्लंकेट ह्यांना लेखी पत्र दिले. शहरात दारूच्या दुकानांची संख्या वाढत चालली आहे आणि त्यामुळे कितीतरी कुटुंबांची धूळधाण होत आहे, हा त्या पत्राचा आशय होता. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र खाते चालविते व त्यावर पुष्कळ खर्च करते. मग आरोग्य आणि नीती ह्या दोहोंचा नाश करणाऱ्या दुकानांकडे तिने डोळेझाक का करावी, असा त्यांचा मुद्दा होता. दुसरा मुद्दा व्यवहाराचा होता. इतर नगरपालिकांप्रमाणे पुण्याच्या नगरपालिकेने दारूच्या दुकानांवर कर का बसविला नाही, हे त्यांनी विचारले आणि सरकार ह्या दुकानांकडून किती कर घेते ह्याची माहितीही मागितली.

ह्या पत्रातील शहाणपण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. परवाना देणे आपल्या हाती नाही, हे जोतीरावांना ठाऊक होते. म्हणून जे हाती होते तेच त्यांनी धरले. कर बसविण्याचा मार्ग नगरपालिकेपुढे होता, तो त्यांनी दाखविला. माहिती मागण्याचा अधिकार सभासदाला होता, तो त्यांनी बजावला. दारूच्या निषेधाचे भाषण करून टाळ्या घेणे सोपे असते, परंतु टाळ्यांचा कागद होत नाही. पत्र दिले की त्याची नोंद होते, त्याला उत्तर द्यावे लागते आणि गप्प बसणाऱ्यांचे गप्प बसणेही नोंदले जाते. त्या एका पत्राने पुण्यातील दुकाने बंद झाली नाहीत, हे खरे आहे. परंतु दारूचा प्रश्न हा केवळ व्यसनी माणसाच्या पापपुण्याचा प्रश्न नसून शहराच्या कारभाराचा प्रश्न आहे, असे लेखी बजावणारे ते पत्र आज सुमारे दीडशे वर्षांनंतरही वाचावयास मिळते.

त्याच सुमारास दुसरा प्रसंग आला. व्हाइसरॉय साहेब पुण्यास यावयाचे होते. शहर शृंगारावे, त्यांचा थाटाचा सत्कार करावा आणि त्यासाठी एक हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. अशा प्रस्तावास विरोध करणे म्हणजे राजनिष्ठेवर बोट ठेवून घेणे. जोतीरावांनी स्पष्ट सांगितले की, हा करदात्यांचा पैसा आहे आणि तो गरिबांच्या शिक्षणावर खर्च झाला तर त्याचे सार्थक होईल. प्रस्ताव मतास टाकला गेला तेव्हा विरोधी मत एकट्या जोतीरावांचे पडले. ज्या सरकारने १८५२ साली त्यांचा सत्कार केला आणि पुढे सभासद म्हणून नेमले, त्याच सरकारच्या प्रमुखाच्या स्वागताच्या खर्चास त्यांनी विरोध केला. जोतीराव इंग्रजांचे स्तुतिपाठक होते असा आरोप करणाऱ्यांनी ह्या एका मताचा विचार अवश्य करावा.

तिसरा प्रश्न बाजाराच्या जागेचा, आणि तो आपल्या समाजाच्या पोटाशी निगडित आहे. त्या काळी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरे. आसपासच्या मळ्यांतून माळी बंधुभगिनी डोक्यावर पाट्या घेऊन येत आणि ऊन-पाऊस सोशीत तेथे बसत. हा बाजार तेथून हलवून शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधावी, असे नगरपालिकेत ठरू लागले. जागा हलविणे, नवी जागा मिळविणे आणि इमारत उठविणे हा सारा खर्च लाखांच्या घरात जाणारा होता. जोतीरावांनी त्यास विरोध केला. शहरात गरिबांच्या मुलांसाठी पुरेशा शाळा नाहीत. त्या आधी काढाव्यात, इमारतीचा थाट मागाहून करावा, असे त्यांचे म्हणणे होते. येथेही त्यांची हार झाली. मंडईची भव्य अष्टकोनी इमारत उभी राहिली आणि १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या नावाने ती ओळखली जाऊ लागली.

येथे आम्हांस एक गोष्ट प्रांजलपणे सांगितली पाहिजे. थोर पुरुषाचे प्रत्येक मत काळाने खरे ठरविलेच पाहिजे, असा आमचा आग्रह नाही. ती मंडई पुढे पुण्याच्या फार उपयोगी पडली. भाजी विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर आले आणि शेतमालाला हक्काची जागा मिळाली. आम्ही एकदा पुण्यास गेलो असता त्या इमारतीखाली बराच वेळ उभे होतो. जोतीरावांचा विरोध अनाठायी होता काय, असा प्रश्न तेव्हा मनात आला. परंतु विचारान्ती असे वाटले की, त्यांचा विरोध छपराला नव्हता, क्रमाला होता. आधी काय आणि मागाहून काय, हाच सार्वजनिक कारभारातला खरा प्रश्न असतो. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनातही त्यांनी निदान बारा वर्षे वयापर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सभेत एक आणि आयोगापुढे दुसरे, असा त्यांचा व्यवहार नव्हता.

काळाचा न्याय पाहा. १९२५ साली केशवराव जेधे ह्यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा त्यावरून केवढे वादळ उठले! प्रस्ताव मान्य झाला नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई असे झाले. ज्या इमारतीस त्यांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव मिळाले. नावे देणे सोपे असते. त्या नावाच्या माणसाने तेथे काय म्हटले होते, हे लक्षात ठेवणे कठीण असते.

जमिनीच्या प्रश्नावरही जोतीराव मुके राहिले नाहीत. १८७५ साली सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या घरांतील कर्जरोखे जाळले गेले. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. १८८३ साली जोतीरावांनी शेतकऱ्याचा असूड हा ग्रंथ पुरा केला. शेतकरी कोर्टकचेरीच्या फेऱ्यात कसा नागवला जातो, बांधाच्या क्षुल्लक तंट्याला फुंकर घालून इतरेजन आपली पोळी कशी भाजून घेतात आणि जंगलखात्याने गावची गायराने आत घेतल्यामुळे गुरांचे कसे हाल होतात, ह्याचे वर्णन त्यात आहे. केवळ गाऱ्हाणे गाऊन ते थांबले नाहीत. जागोजाग बांध घालून पाणी जिरवावे, तळी-धरणे बांधावीत, गाळ शेतात जाऊ द्यावा, असे उपायही त्यांनी सुचविले. धरणाच्या कामावर ठेकेदार म्हणून उभा राहिलेला माणूसच हे इतक्या नेमकेपणाने लिहू शकतो.

१८८८ साली मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. नगरपालिकेतील सहा वर्षांत त्यांच्या पदरी जिंकलेले ठराव थोडे आणि हरलेले अधिक पडले.

आता शेवटी थोडे आपल्याविषयी. पुणे कोठे आणि मेडशी कोठे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या वऱ्हाडातही मुंबई इलाख्याच्या धर्तीवरच रयतवारी आली, तोच सातबारा आला आणि बांधावरचे तेच तंटे आले. आज दारूचे दुकान बंद करण्यासाठी गावच्या स्त्रियांना गुप्त मतदान मागता येते आणि एकूण स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद करावे लागते. जोतीरावांजवळ नव्हता असा अधिकार आज आपल्या माताभगिनींच्या हाती आहे. गायरान, वस्तीची जागा, बाजाराचे ओटे ह्यांवर बोलण्यासाठी ग्रामसभा आहे. अधिकार आहे, उणीव आहे ती हात वर करणाऱ्यांची.

हे आम्ही इतरांना दूषण देण्यासाठी लिहीत नाही. आम्ही एका गावी शिक्षक म्हणून नोकरीस असताना तेथील सभेत शाळेजवळच्या दारूच्या दुकानाचा विषय निघाला होता. त्या दुकानापायी ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली, अशी मुले आमच्याच वर्गात बसत. त्यांपैकी दोघांनी त्या वर्षी शाळा सोडली. आम्हांस सर्व ठाऊक होते. सभेत वडीलधाऱ्यांनी आमच्याकडे पाहून विचारलेही की, गुरुजी, तुम्हांला काय वाटते? नोकरीचा माणूस, कोणाचे वैर कशाला, असा विचार करून आम्ही काहीतरी गुळमुळीत बोललो आणि खाली बसलो. विषय तेथेच संपला. दरवर्षी ११ एप्रिलला जोतीरावांच्या प्रतिमेस हार घालताना आम्हांस ती दोन मुले आठवतात.

म्हणून समाजातील जे बंधू आणि भगिनी ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत अथवा नगरपंचायतीत निवडून गेले आहेत, त्यांस आमची हात जोडून एक विनंती आहे. समाजमंदिरासाठी निधी आणलात, त्याबद्दल तुमचे अभिनंदन. परंतु पुढील वर्षीच्या स्मरणिकेत प्रत्येकाने एवढेच लिहून द्यावे की, दारू, जमीन आणि शाळा ह्या तीन विषयांवर आपण सभेत काय बोललो आणि मत कोणत्या बाजूस दिले. हरलेले मत असले तरी चालेल. आणि ज्या भावांचे बांधावरून कोर्टात दावे चालू आहेत, त्यांनी गोविंदरावांची आठवण ठेवून एकदा तरी समाजाच्या ज्येष्ठांसमोर बसावे.

आमचे वय झाले. तरीही आता ग्रामसभा भरली की आम्ही जातो, पुढच्या रांगेत बसतो आणि विचारले नाही तरी बोलतो. जोतीरावांच्या नावाने एवढे तरी आमच्या हातून व्हावे, अशी इच्छा धरून हा लेख पुरा करतो.